"मॅडम, बीपी आमच्या रक्तातच आहे"

34 वर्षांचा हा गृहस्थ आला तेव्हा हातात जनुक चाचणीचा रिपोर्ट होता. 'एजीटी' जनुकापुढे लाल ठशात 'धोका जास्त'. वडिलांना 52व्या वर्षी लकवा, काका टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीवर. स्वतःचं बीपी 148/94, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरूच केली नव्हती. "रक्तातच आहे तर गोळीने काय होणार? आणि मुलाचीही ही टेस्ट करू का?"

हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि लाल ठशाचा मला रागही येतो.

2018 साली 10 लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासानंतर जनुकसंचातल्या बीपीशी जोडलेल्या ज्ञात जागांची संख्या 901 झाली. त्यातल्या बहुतेकांचा वाटा एक पॉइंटसुद्धा नाही. एका जनुकामुळे बीपी चढणारी घराणी असतात, पण विरळा. अशाच एका आजारात, लिडल सिंड्रोममध्ये, ऐन तरुणपणीच बीपी वाढतं आणि पोटॅशियम बहुधा घसरतं. म्हणून मी त्याचं पोटॅशियम विचारलं: 4.3. वडिलांचं बीपीही पंचेचाळिशीत सुरू झालेलं. तो संशय जवळपास मिटला.

मग कागदाच्या मागे चित्र काढलं. एजीटी जनुकावरून यकृतात एक प्रथिन बनतं. त्यातूनच पुढे रक्तवाहिन्या आवळणारं आणि शरीरात मीठ धरून ठेवणारं अँजिओटेन्सिन तयार होतं. "तुमच्या काकांची गोळी नेमकी इथे आडवी येते," मी पेन टेकवलं. तो बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे रक्तात आहे म्हणूनच गोळी चालते?" पूर्ण तसं नाही, मी म्हटलं, बीपीला इतरही वाटा आहेत. पण जनुक आहे म्हणून गोळी फुकट, हे तर साफ चूक.

मिठाचं विचारलं तर "नॉर्मलच". शेजारी बसलेली बायको मोजू लागली: पोह्यांवर शेव, जेवणात लोणचं नि पापड, ताकात मीठ, रात्री खारे शेंगदाणे. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सगळं धरून एक छोटा चमचा, एवढीच मर्यादा. घराणं जनुकं देतं तशी लोणच्याची बरणीही देतं.

मुलाची टेस्ट नको, मी म्हणाले. तीन वर्षांचा झाला की बालरोगतज्ज्ञांकडे वर्षातून एकदा बीपी मोजून घ्या, बस.

महिन्याने तो वही घेऊन आला. सकाळ-संध्याकाळचे आकडे, बहुतेक 130च्या आसपास. एका ठिकाणी 151, आणि समोर बायकोच्या अक्षरात: 'मावसभावाचं लग्न. तीन पापड.'