बार्बेक्यूच्या काउंटरवर काय मागायचं? वाचकांचे प्रश्न

डॅलसच्या उत्तरेकडची प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी ही उपनगरं असोत की नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी, मराठी घरं तिथे आता बरीच आहेत आणि घराजवळच्या बार्बेक्यू हॉटेलात (लाकडाच्या धुरावर मंद शिजवलेलं मांस मिळतं तिथे) जाणंही नेहमीचं झालं आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या अंकात घेतले आहेत.

रांगेत आपला नंबर आला की गडबडायला होतं. ‘लीन की मॉइस्ट?’ असं विचारतात, भाव पाउंडात असतो आणि मागे वीस माणसं उभी असतात. आम्ही सहा मोठे, दोन मुलं. काय आणि किती मागावं?
*वाचक, फ्रिस्को*

आधी वजनाचा हिशेब. एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम. नुसतं मांसच खायचं तर माणशी अर्धा पाउंड धरतात. सोबत साइड (बीन्स, सॅलडसारखे जोडपदार्थ) घेणार असाल तर माणशी एक तृतीयांश पाउंड, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, पुरे होतं. ब्रिस्केटमध्ये (गाईच्या छातीच्या मांसात) चरबी भरपूर असते, त्यामुळे पोट लवकर भरतं. सहा मोठे आणि दोन मुलं यांना तीन पाउंड व्यवस्थित होतात: ब्रिस्केट एक पाउंड, टर्की अर्धा पाउंड, पोर्क रिब्ज एक पाउंड (हाडांसकट तीन-चार तुकडे येतात) आणि दोन सॉसेज. साइड माणशी वेगवेगळ्या घेऊ नका. दोन-तीन प्रकार पाइंटच्या (सुमारे अर्ध्या लिटरच्या) डब्यात घ्या. एक पाइंट तीन-चार जणांत पुरतो. लोणच्यातली काकडी, चिरलेला कांदा आणि पांढरा ब्रेड बऱ्याच ठिकाणी फुकट असतो, तो बाजूच्या टेबलावरून आपणच घ्यायचा असतो.

आता लीन आणि मॉइस्ट. ब्रिस्केटमध्ये एकावर एक असे दोन स्नायू असतात. खालचा सपाट आणि कमी चरबीचा, तो लीन. वरचा जाड, आतून चरबीच्या रेषा असलेला, तो मॉइस्ट. काही ठिकाणी त्याला ‘फॅटी’ म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ‘हाफ अँड हाफ’ मागावं. एकच निवडायचं असेल तर मॉइस्ट घ्या. लीन चांगलं जमवणं स्वयंपाक्यासाठी अवघड असतं आणि वाळतंही तेच आधी.

दोन्ही स्नायूंचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, म्हणून चांगला कापणारा मधेच तुकडा फिरवून घेतो. लीनची चकती पेन्सिलीएवढी जाड हवी आणि धाग्यांना आडवी कापलेली हवी. तुमच्या ताटातल्या चकतीवर धागे लांबच लांब सरळ दिसत असतील, तर ती उभी कापली गेली आहे. ती कितीही मऊ शिजलेली असली तरी चिवट लागणार. अशा वेळी पुढचे तुकडे ‘अक्रॉस द ग्रेन’ कापून द्या असं सांगायला संकोचू नका.

सगळं एकदम मागू नका. कापणाऱ्यासमोर आधी अर्धा पाउंड म्हणा, तो तराजूवर ठेवेल, मग हवं तर वाढवा. आणि एक सावधगिरी: फलकावर नुसतं ‘रिब्ज’ असेल तर त्या पोर्कच्या. ‘बीफ रिब’ वेगळी. तिचं एकच हाड पाउंड-दीड पाउंडाचं भरतं आणि भाव वजनावर असतो. ‘एक द्या’ म्हटल्यावर बिल बघून अनेकांचे डोळे पांढरे होतात.

टर्कीच्या कडेला आणि ब्रिस्केटच्या सालीखाली गुलाबी पट्टा होता. आईंनी कच्चं आहे म्हणून ताट बाजूला सारलं. ते खरंच कच्चं होतं का?
*वाचक, आयर्विंग*

नव्हतं. लाकूड जळताना नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू तयार होतात. मांसाला लाल रंग देणारं मायोग्लोबिन या वायूंशी जोडलं गेलं की तो रंग गुलाबी राहतो, उष्णतेने तपकिरी होत नाही. वायू बाहेरून आत शिरतात, म्हणून पट्टा कडेलाच असतो, काही मिलिमीटरचा. ब्रिस्केट उतरवतात तेव्हा आतलं तापमान ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तिथे कच्चेपणाचा प्रश्नच उरत नाही.

कोंबडी आणि टर्कीसाठी ७४ अंश ही सुरक्षित मर्यादा आहे. गुलाबी कडेला आणि आत पांढरं असेल तर तो धुराचा परिणाम. उलट, कडा पांढरी आणि मधला भाग गुलाबी, चमकदार, किंचित पारदर्शक असेल तर ताट परत द्या आणि थर्मामीटर लावून बघायला सांगा.

साताऱ्याहून बाबा येणार आहेत. ते बीफ आणि पोर्क दोन्ही खात नाहीत, पण चिकन-मटण आवडीने खातात. त्यांना तिथे न्यावं का?
*वाचक, प्लेनो*

न्यावं, पण आधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात.

टर्की ब्रेस्ट आणि चिकन जवळजवळ सगळीकडे मिळतं. टर्की बहुतेक ठिकाणी लोण्यासोबत गुंडाळून शिजवतात, त्यामुळे मऊ राहते. मात्र हल्ली काही ठिकाणी गुंडाळताना लोण्याऐवजी बीफची वितळवलेली चरबी, म्हणजे ‘टॅलो’, घालतात. हा पहिला प्रश्न. दुसरा, भट्टीत वरच्या जाळीवर ब्रिस्केट आणि खाली टर्की असते का? असेल तर वरची चरबी खाली ठिबकते. तिसरा, फ्राइज कशात तळता? टॅलोमध्ये तळणारी हॉटेलं आहेत. चौथा सॉसेजचा. नाव टर्कीचं असलं तरी बाहेरचं आवरण पोर्कच्या आतड्याचं असू शकतं, त्यामुळे उत्तर खात्रीचं नसेल तर सॉसेज सोडून द्या.

काउंटरवर सगळं मांस एकाच पाटावर, एकाच सुरीने कापतात. ‘क्लीन नाइफ, क्लीन बोर्ड, प्लीज’ एवढं म्हटलं की बहुतेक ठिकाणी सुरी पुसून नवा कागद अंथरतात. गर्दीच्या वेळी हे नीट होत नाही, म्हणून बाबांना आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी दोननंतर न्या. ज्यांना एकच भट्टी, एकच सुरी हेच चालत नाही, त्यांच्यासाठी ही जागा नाही. हे बाबांना आधीच सांगितलेलं बरं, ताट समोर आल्यावर नको.

मटण टेक्सासच्या उपनगरांत क्वचितच दिसतं. मटण बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध गाव केंटकीतलं ओवेन्सबरो, पण ते खूप दूर.

सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही. साइड तर भाज्यांच्याच असतात ना?
*वाचक, मॅकिनी*

दिसायला भाज्यांच्या असतात. खरी अडचण इथेच होते, म्हणून सविस्तर सांगते.

बीन्स जवळजवळ नक्की बाद. पिंटो बीन्समध्ये ब्रिस्केटचे कापलेले तुकडे किंवा बेकन घालतात, तीच त्यांची चव. ग्रीन बीन्समध्ये बेकन, कॉलर्ड या पालेभाजीत डुकराच्या पायाचं धुरावलेलं हाड. पटेटो सॅलडमध्ये उकडलेलं अंडं, कोलस्लॉ या कोबीच्या कोशिंबिरीत मेयोनीज म्हणजे पुन्हा अंडं. कॉर्नब्रेडमध्ये अंडं असतंच, कधी डुकराची चरबीही. बार्बेक्यू सॉसमध्येसुद्धा बऱ्याचदा वूस्टरशायर सॉस असतो, आणि त्यात अँकोव्ही नावाचे मासे. रताळ्यावर मार्शमेलो दिसले तर त्यात जिलेटिन आहे असं समजा.

उरतं काय? मॅक अँड चीज बहुधा चालतं. वर बेकन भुरभुरलेलं नाही ना आणि सॉसमध्ये अंडं नाही ना, एवढं विचारा. भाजलेला बटाटा साधा मागा, वर लोणी, चीज, कांद्याची पात, हालपेन्यो मिरची आपणच घाला. मक्याचं कणीस किंवा क्रीम कॉर्न चालेल. तळलेली भेंडी बघून सासूबाई खूश होतील. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली ती कुरकुरीत भेंडी आपल्या जिभेला लगेच आपली वाटते. पण पिठाआधी ती अंड्यात बुडवतात का आणि त्याच तेलात कॅटफिश तळतात का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘इज इट व्हेजिटेरियन?’ असं विचारलं की वरवर ‘येस’ येतं. ‘एनी बेकन, लार्ड, ऑर एग इन इट?’ असं नाव घेऊन विचारा, मग आत जाऊन बघून येतात.

दुपारी खाल्लेलं ब्रिस्केट अप्रतिम होतं. त्याच हॉटेलात रात्री आठला गेलो तर कोरडं, भुग्यासारखं. असं का?
*वाचक, फ्रिस्को*

बारा-चौदा पाउंडांचं ब्रिस्केट १०७ ते १२१ अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा ते चौदा तास असतं. आतलं तापमान पासष्ट-सत्तर अंशांवर पोचलं की तिथेच तासन्‌तास अडकतं, कारण पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि मांस थंड होत राहतं. आपल्या माठातलं पाणी गार होतं, तेच. मग ते जाड कागदात गुंडाळून पुढे नेतात. म्हणजे तुम्ही अकराला जे खाता ते आदल्या रात्री चढवलेलं असतं.

उतरवलेलं ब्रिस्केट अखंड, गुंडाळलेलं, साठ-पासष्ट अंशांच्या पेटीत काही तास उत्तम राहतं. नुकसान होतं ते कापल्यावर. चकती हवेला लागली की काही मिनिटांतच तिची कड राखाडी पडते आणि रस कागदावर उतरतो. रात्री गिऱ्हाईक कमी, म्हणून आधी कापलेलं अर्धवट ब्रिस्केट पाटावर पडून राहतं. तुमच्या ताटात तेच आलं असणार.

चकती बोटावर आडवी ठेवून बघा. दोन्ही बाजूंना वाकून लोंबली, पण तुटली नाही, आणि हलकं ओढल्यावर सुटली, तर उत्तम. ठेवताच तुकडे पडले तर जास्त शिजलं. ओढूनही रबरासारखी ताणली तर कमी शिजलं.

जायची वेळ साडेअकरा ते साडेबारा, शनिवार-रविवारी त्याहून लवकर. रात्रीच जायचं असेल तर संध्याकाळसाठी वेगळी खेप लावता का, हे फोनवर विचारा. नसेल तर ‘चॉप्ड’ सँडविच घ्या. ते कडेच्या तुकड्यांचं, सॉसमध्ये कालवलेलं आणि स्वस्त असतं, त्यात कोरडेपणा जाणवत नाही. जीभ चुरचुरली आणि कडवट चव मागे राहिली तर मात्र दोष वेळेचा नाही. आग कोंडून पांढरा, दाट धूर झाला होता. ते हॉटेल बदला.

आम्ही टेक्सासहून कॅरीला आलो. इथे ‘बार्बेक्यू’ मागवलं तर बारीक चिरलेलं आंबट पोर्क आलं!
*वाचक, कॅरी*

नॉर्थ कॅरोलिनात नुसतं ‘बार्बेक्यू’ म्हणजे पोर्कच. पूर्वेकडे अख्खं डुक्कर आणि व्हिनेगर-मिरचीचं पातळ सॉस, पश्चिमेला लेक्सिंग्टन पद्धतीत खांद्याचा भाग आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप. लेक्सिंग्टनचा लाल स्लॉ मेयोनीजशिवाय, व्हिनेगर-केचपमध्ये करतात, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांना तो चालतो. टेक्साससारखं ब्रिस्केट हवं असेल तर फलकावर तेच नाव शोधा.

उरलेलं घरी आणतो, दुसऱ्या दिवशी चामड्यासारखं होतं. नीट कसं गरम करायचं?
*वाचक, प्लेनो*

उरणार हे दिसत असेल तर तेवढा भाग न कापताच मागा. अखंड तुकडा चकत्यांपेक्षा खूप चांगला टिकतो. अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ३२ अंश सेल्सिअसच्या वर उन्हाळा असेल तर एकच तास. टेक्सासच्या जुलैत तापलेल्या गाडीत डबा ठेवून वाटेत वाणसामान घ्यायला उतरू नका. फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस चालतं.

गरम करताना तुकडा फॉइलमध्ये ठेवा, वर चमचाभर पाणी किंवा डब्यातला रस घाला, घट्ट बंद करा आणि १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये अर्धा ते पाऊण तास ठेवा. आत ७४ अंश झालं की काढा, पाच मिनिटं तसंच राहू द्या आणि मगच कापा. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर निम्म्या पॉवरवर, झाकून, तीस-तीस सेकंदांनी बघत.