टायमिंग बेल्ट बदलल्यावर गाडी थरथरतेय? आधी स्टार्टर सोड

मित्रा, सर्वात आधी एक कर: किल्ली फिरवणं थांबव. बऱ्याच इंजिनांत टायमिंग, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या हालचालींचा मेळ, जास्त चुकलं तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

तू सांगतोस ती लक्षणं, म्हणजे आयडलला थरथर, कात्रजचा घाट चढताना दम नाही आणि स्कॅनरवर पी ००१६, ही बेल्ट एखादा दात चुकीचा बसल्याचीच वाटतात. हा कोड क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नसल्याचा आहे. त्यांच्या सेन्सरचा कनेक्टर नीट बसलाय का, तेही बघून घे.

आता बेल्टचं कव्हर काढ, स्पार्क प्लग काढ म्हणजे इंजिन हलकं फिरेल. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच हाताने फिरव, उलटं नाही. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, म्हणून पूर्ण दोन फेरे झाल्यावरच क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या टायमिंगच्या खुणा जुळतात का ते बघ. मध्येच काही कडक अडलं तर जोर लावू नकोस, तिथेच थांब.

माझ्या हातून पहिल्यांदा चूक झाली ती टेन्शनरमुळे, म्हणजे बेल्टला ताण देणाऱ्या पुलीमुळे. खुणा जुळल्या होत्या, पण टेन्शनरच्या विरुद्ध बाजूचा बेल्ट किंचित सैल राहिला. ताण देताच तो ओढला गेला आणि कॅम एक दात सरकला. म्हणून ती बाजू आधी ताठ करून घे, मग टेन्शनर सोड. खूणही क्रँकच्या दातेरी चाकावरची धर, बाहेरच्या पुलीवरची नको.

खुणा जुळूनही थरथर राहिली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घे. पुण्यात नाना पेठेत त्याचा गेज मिळेल.