पिशवी काढण्याआधी

प्रिय डॉक्टर,

अमळनेर-पारोळ्याकडच्या बायका समोर बसल्या की आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करतात आणि म्हणतात, "पिशवी काढी टाका." गर्भाशयातली गाठ म्हणजे कॅन्सर, असं गावात कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. तू रिपोर्ट बाजूला सार. पाळी किती दिवस चालते, रात्री उठून कपडा बदलावा लागतो का, गुठळ्या पडतात का, कापसाचं गाठोडं उचलताना धाप लागते का, ते विचार. सासूच उत्तरं देत असेल तर तिला बाहेर बसव. खरी हकिगत त्यानंतर कळते. मग हिमोग्लोबिन बघ.

पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक बायकांना फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या या साध्या गाठी, झालेल्या असतात आणि पुष्कळजणींना त्याचा पत्ताही नसतो. त्रास नाही तर उपचार नाही. सहा महिने-वर्षाने तपासणी पुरते. कॅन्सर निघण्याचं प्रमाण फारच कमी. मात्र पाळी गेल्यावर गाठ वाढायला लागली तर स्वस्थ बसू नकोस.

सेंटिमीटरला भुलू नकोस. बाहेरच्या अंगाला वाढलेली 7 सेंटिमीटरची गाठ कित्येकदा गप्प राहते, आणि पोकळीत घुसलेली 2 सेंटिमीटरची बाईला पांढरीफटक करते. दिवस राहण्यात अडथळा येतो तोही बहुधा तिचाच. रिपोर्टात जागा लिहिलेली नसेल तर सोनोग्राफीवाल्यांना फोन कर. आणि वयाच्या 45 नंतर अंगावरून रक्त जास्त जात असेल तर गाठीवर खापर फोडण्याआधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठव.

बाई 32 वर्षांची, दोन मुलं झालेली, आणि "आता पिशवीचं काय काम?" असं नवरा विचारतो, तेव्हा मला अजूनही राग येतो. पिशवी काढताना अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. लोहाच्या गोळ्या, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, मिरेना (गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन), नुसती गाठ काढणं, हे सगळं तिच्याशी आधी बोल. 48 वर्षांच्या बाईला पाळी जाईपर्यंत बऱ्याचदा निभावून नेता येतं; नंतर गाठी बहुधा आकसतात.

पण थांबणं हे काही व्रत नाही. हिमोग्लोबिन 6 असताना "वेचणी झाल्यावर येते" म्हणणारीला घरी जाऊ देऊ नकोस. लघवी अडलेलीला, मूत्रपिंडाला सूज आलेलीलाही नाही. त्याच दिवशी जळगावला नाहीतर धुळ्याला मेडिकल कॉलेजात पाठव, आणि चिठ्ठीत गाठीची जागा, हिमोग्लोबिन, मूल हवंय का, हे तिन्ही लिही. नाहीतर तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि ती कंटाळून परत येते.

– मॅडम