पहिली ते दहावी, सगळ्या विषयांच्या शिक्षकांना एकत्र ट्रेनिंग देऊन फायदा होतो का?

होतो, पण आत काय घेतलंय त्यावर सगळं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला किमान ५० तास ट्रेनिंग सांगितलंय, पण नुसती पीपीटी ऐकायची असेल तर ते सरकारच्या दीक्षा ॲपवर घरूनही होतं. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दुसरीच्या एका बाईंनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून ५२ वजा १७ करून दाखवलं, दशकाचा एक गठ्ठा सोडला की दहा सुट्ट्या काड्या, आणि मी आठवीला विज्ञान शिकवतो तरी माझ्या वर्गातली पोरं नेमकी कुठे अडतात ते मला तिथे कळलं. म्हणून गट मिक्सच ठेवा, दुपारनंतर हवं तर विषयवार बसवा, आणि प्रत्येकाला दहा मिनिटांचा पाठ घ्यायला लावाच.