भांगाच्या दिवसांतही पाणी येतं

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

पत्र मिळालं. जानेवारीपासून तीनदा शांत समय, म्हणजे रोजचं वचनवाचन आणि प्रार्थना, सुरू केलास आणि तीनदा सुटला, असं लिहिलं आहेस. पहाटे पाचचा गजर, चार-पाच दिवस जमतं, मग एखाद्या रात्री मासेमारीच्या लाँचा उशिरा येतात, लिलावाचा हिशेब मिटायला दीड वाजतो आणि सकाळी डोळा उघडत नाही. त्यावरून "माझा विश्वासच कच्चा" असा निकाल लावून मोकळा झालास. हा निकाल मला मान्य नाही. तू वेळ चुकीच्या खुंटीला बांधलीस, दोष तिथे आहे.

बंदरावर काम करणाऱ्याला हे फार समजावून सांगायला नको. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आपल्याकडची जुनी माणसं तिथीला तीनाने गुणतात आणि चाराने भागतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. खाडीच्या तोंडाशी गाळ असला की लाँच त्या पाण्याचीच वाट बघत थांबते. तुझी झोप, जेवण, काम सगळं या सरकत्या पाण्यावर चालतं. मग प्रार्थना तेवढी पाचच्या ठोक्याला कशी टिकेल? पंधरवड्यातले निम्मे दिवस ती तुटणारच. नऊ ते सहा ऑफिसात जाणाऱ्याला शोभणारा नियम तू अंगावर ओढून घेतलास.

वेळ घड्याळाऐवजी रोज न चुकता होणाऱ्या कामाला बांध. तुझ्या बाबतीत ते काम म्हणजे उठल्यावरचा पहिला चहा. चारला उठ, नाहीतर नऊला. तोंड धुतलं, चहा घेतला, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं, आणि ते मिटल्यावर मग फोन. क्रम एवढाच, पण शेवटची अट सोडू नकोस. फोन आधी हातात आला की बांगड्याचा दर विचारणारे दोन मेसेज दिसतात, आणि शरीर घरात असलं तरी मन जेटीवर पोचतं. गजरासाठी फोन उशाशी लागत असेल तर साधं गजराचं घड्याळ घे.

जागा मात्र एकच ठेव. दानीएल म्हटलं की सगळ्यांना सिंहांची गुहा आठवते. त्याच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायातलं दहावं वचन नीट वाच: माडीवरच्या खोलीच्या यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या, दिवसातून तीनदा गुडघे टेकणं, आणि हे सगळं तो आधीपासून करत आला होता तसंच. संकट आलं म्हणून त्याने नवीन काही सुरू केलं नाही. तुझ्या घरात पडवीचा तो पूर्वेकडचा कोपरा चालेल.

तिथे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेव. त्यात पवित्र शास्त्र, शंभर पानी वही, एक शिसपेन्सिल, एक टोकयंत्र. आपल्या हवेत डबा हवाच. शास्त्राचा कागद पातळ, आषाढात तो ओल धरतो, पानं एकमेकांना चिकटतात, काळ्या कव्हरावर पांढरी बुरशी चढते. उघडीप मिळाली की पुस्तक उभं करून, पानं पंख्यासारखी पसरून तासभर वाऱ्यावर ठेव. कडक उन्हात नको, पुठ्ठा वाकतो. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून डब्यात टाक. जेल पेनने खूण करू नकोस. दमट कागदावर ती शाई फुटते आणि मागच्या पानावरचं वचन वाचता येत नाही. पेन्सिलीची रेघ वर्षानुवर्षं तशीच राहते.

आता वाचन. तू वर्षात पूर्ण पवित्र शास्त्र संपवायचा तक्ता घेतलास, तिथेही गाडं अडलं. हिशेब करून बघ. अध्याय १,१८९. वर्षभरात संपवायचे तर दिवसाला तीन-चार. उत्पत्तीचे पन्नास, निर्गमचे चाळीस, म्हणजे १ जानेवारीला सुरू करणारा महिनाअखेरीस लेवीयात पोचतो आणि होमबली, अन्नबली, महारोगाचे नियम यांत अडकतो. कितीतरी लोकांचा तक्ता तिथेच थांबतो. लेवीय मोलाचं पुस्तक आहे, पण ते एकट्याने, अर्धवट झोपेत, घाईत वाचायचं नाही. ते नंतर, पाळकांबरोबर बसून.

तू मार्कापासून, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या मार्काच्या शुभवर्तमानापासून, सुरू कर. एका बैठकीला एक-दोन प्रसंग, पंधरा-वीस वचनं. या गतीने सव्वा महिन्यात शुभवर्तमान पूर्ण होईल. एकूण पंधरा मिनिटं: दोन मिनिटं शांत बसून एखाद्या गीताचं कडवं, पाच मिनिटं वाचन, तीन लिहिणं, पाच प्रार्थना. गीत म्हणायला लाजू नकोस, हळू आवाजात म्हण. करजगावात, आपल्याच जिल्ह्यात १८६१ साली जन्मलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं आपल्या उपासनेत आहेत. आपल्या भाषेतला सूर लागला की मन लवकर जाग्यावर येतं.

वाचन दोनदा, दोन्ही वेळा ओठ हलवून. डोळ्यांनी वाचलं की ओळखीचा मजकूर सरकून जातो. मार्क १:२९-३९ घे. पहिल्या वाचनात फक्त काय घडलं ते बघ: शिमोनाच्या सासूचा ताप उतरला, सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी लोटलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या कितीतरी आधी येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. दुसऱ्या वाचनात स्वतःला प्रश्न विचार. प्रार्थनेची ही पहाट कोणत्या दिवसानंतर आली? सगळ्यात दगदगीच्या दिवसानंतर. ती निवांत पार पडली का? नाही. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत आले, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाले. मग प्रभू परत गेला का? तेही नाही. आजूबाजूच्या गावांत जाऊ, असं तो म्हणाला. म्हणजे लोक म्हणत होते तिकडे तो वळला नाही. दिवस कुठल्या दिशेला जायचा, हे त्या एकांतात ठरलं होतं. तुला जेटीवरून दहा जण हाका मारतात. हे वचन तुझ्यासाठीच आहे.

मग वहीत चार गोष्टी: तारीख, संदर्भ, आवडलेलं एकच वचन जसंच्या तसं हाताने उतरवून, आणि खाली "आज मी" ने सुरू होणारं एक वाक्य. इथे दोन चुका होतात. एक, प्रवचन लिहिलं जातं, पान भरतं आणि आठवड्यात कंटाळा येतो. दुसरी जास्त घातक: वाक्य दुसऱ्यासाठी लिहिलं जातं, हे वचन अमक्याने वाचायला हवं होतं वगैरे. आणि "मी चांगलं वागेन" हे वाक्यच नव्हे. "आज वजन लिहिताना काटा स्थिर होईपर्यंत थांबेन" हे वाक्य. संध्याकाळी ते खरं झालं की नाही, हे तुला सांगता आलं पाहिजे.

प्रार्थना त्याच वचनापासून सुरू कर, म्हणजे शब्द शोधावे लागत नाहीत. आधी उपकारस्तुती, मग पापकबुली, मग मागणं. मध्यस्थीसाठी नावं आठवड्यावर वाटून टाक, दिवसाला पाचांहून जास्त नकोत. एक दिवस घरचे, एक दिवस मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, आजारी, एक दिवस लाँचीवरचे खलाशी. तुमच्या बंदरावरची नेपाळी पोरंही त्यात धर, त्यांची नावं विचारून घे. शेवटी प्रभूची प्रार्थना, सावकाश. "रोजची भाकर" म्हणताना घाई करू नकोस.

खाडा पडेल. तेव्हा काय करायचं ते आजच ठरव. राहिलेलं वाचन दुप्पट करून भरून काढायचं नाही. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, रोजचा रोज गोळा करायचा होता. सकाळपर्यंत साठवलेल्याला किडे पडले. कालचा दिवस गेला, आजचा भाग वाच. तीन दिवसांची थकबाकी पाहून माणूस डबा उघडायलाच घाबरतो, म्हणून थकबाकी ठेवायचीच नाही. सलग दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी फक्त एक छोटं स्तोत्र. १२० ते १३४ ही यरुशलेमेला चढून जाताना गायची पंधरा स्तोत्रं आहेत, बहुतेक दोन मिनिटांत होतात. आणि देव रागावला असेल या भीतीने परतू नकोस. ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही, असं सांगत रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडतो. ते शब्द डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेव.

रात्रभर जागरण झालं असेल तर आधी झोप. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. त्याने भाकर आणि पाणी दिलं, आणि तो पुन्हा झोपला. पेंगताना उभ्याने वाच, तरी नाही जमलं तर उशीवर डोकं ठेव. चहा उठल्यावर आहेच.

जूनची काळजी मला जास्त वाटते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, लाँचा शाकारलेल्या, हाताशी वेळच वेळ. नेमका तेव्हा नेम सुटतो, कारण उठण्याचीच शिस्त जाते आणि "नंतर करू" म्हणता म्हणता दुपार होते. त्या दोन महिन्यांत चहाची वेळ धरून ठेव आणि वाचनात उत्पत्ती घे. योसेफाचे अध्याय पावसात वाचण्यासारखे आहेत. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आले आणि पडवी भरली तर विहिरीकडे जा, कुणाला काही सांगत बसू नकोस.

आणि भांग येईल, म्हणजे लहान भरतीचे दिवस. उधाणाला पाणी बांधापर्यंत चढतं तसे काही आठवडे जातील, वचन वाचताना डोळे भरतील. मग अष्टमीच्या आसपास जसं पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तसे दिवस येतील. कोरडे शब्द, कोरडी प्रार्थना. भांगालाही पाणी दिवसातून दोनदा येतंच, हे तू रोज बघतोस. त्या दिवसांत पद्धत बदलू नकोस, नवं पुस्तक शोधू नकोस. तेरावं स्तोत्र वाच, सहाच वचनं आहेत आणि निम्मी तक्रारीची. तीही प्रार्थनाच आहे. मात्र कोरडेपणाबरोबर कुणाशी अबोला असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी तिकडे जा. अबोला धरून केलेल्या प्रार्थनेत जीव राहत नाही.

एका माणसाला हे सांगून ठेव, पाळकांना किंवा मंडळीतल्या कुणाला. रविवारी उपासनेनंतर त्याने एवढंच विचारायचं: या आठवड्यात कोणतं वचन लिहिलंस? किती दिवस झाले, हे विचारायचं नाही.

उद्या मार्क १:१-२०. त्यात जाळी सोडून निघालेले कोळी भेटतील. आठव्या दिवशी वहीतली आठ "आज मी" वाक्यं उतरवून मला पाठव, जमलेली आणि न जमलेली दोन्ही. आईला सलाम सांग.

तुझा,
काका