वकिलांच्या निरंतर शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या समितीवर कोणाला नेमावं? ज्येष्ठ वकिलांनाच प्राधान्य असावं का?

'ज्येष्ठांनाच' हे वाचलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर प्रश्न सोडून दिला असता.

आधी कायद्याचं उरकते. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम १० प्रमाणे बार कौन्सिल ऑफ इंडियाची विधी शिक्षण समिती १० जणांची असते. ५ जण कौन्सिलने आपल्यातून निवडून दिलेले, ५ बाहेरून घेतलेले स्वीकृत. ('स्वीकृत' म्हटल्यावर नगरपालिकेत पडलेल्या उमेदवाराची लावलेली सोय आठवते, पण मूळ कल्पना वाईट नाही.) मात्र सनद मिळाल्यावर वर्षाला अमुक तास शिकलंच पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही. त्यामुळे जे काही चालतं ते बहुतेक बार असोसिएशनच्या ठरावावर, आणि ते मी जवळून पाहिलंय.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू होणार म्हणून आमच्या तालुक्याच्या बारने प्रशिक्षण समिती नेमली. अध्यक्षांनी खिशातून चिठ्ठी काढून नावं वाचली. माजी अध्यक्ष, माजी सचिव, त्यांच्याच ऑफिसमधून तयार झालेले दोघं, आणि 'एक लेडी मेंबर पाहिजे' म्हणून मी. मी विचारलं, रोज क्रिमिनलला उभा राहणारा एखादा ज्युनियर का नाही? "ते शिकायला येतील ना मॅडम, समितीत त्यांचं काय काम?" सगळे हसले. ठराव मंजूर.

पहिली मीटिंग पाहुणे कोण, शाल कितीची आणि बॅनरवर आधी नाव कोणाचं यातच गेली. मी एकच विषय मागितला होता: इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेला २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सगळ्यांना तोंडपाठ, मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा नाही. पण त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचा नमुनाच बदलला. भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा जणू डिजिटल अंगठा, लिहायची. ती मोबाईलमधल्या रेकॉर्डिंगची कशी काढायची? तालुक्याच्या ठिकाणी भाग ब वर सही करायला तज्ज्ञ कुठून आणायचा? ज्युनियर पोरं मला हेच विचारत होती. समितीचं उत्तर आलं, "एवढं खोलात नको, सर्वांना समजेल असं ठेवा." विषय ठरला 'नवे फौजदारी कायदे : एक दृष्टिक्षेप'. वक्ते समितीतलेच एक सदस्य. हॉलच्या दारात टेबल मांडून त्यांनीच लिहिलेलं नव्या कायद्यांवरचं पुस्तक विक्रीला. माझ्याकडे सूत्रसंचालन. प्रमाणपत्रं चहाच्या वेळीच वाटून झाली, जेवणानंतर निम्मा हॉल रिकामा.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्याला कार्यक्रमातून मानधन, पुस्तकविक्री किंवा क्लासची जाहिरात मिळते, त्याने तो कार्यक्रम मंजूर करणाऱ्या खुर्चीत बसू नये. कितीही मोठा असो. फिलिपिन्समध्ये दर ३ वर्षांनी ३६ तास शिक्षणाची सक्ती आहे. तिथल्या ५ जणांच्या समितीचे अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. बाकी चौघांची नावं वकिलांची संघटना, न्यायिक अकादमी, कायद्याचं एक केंद्र आणि विधी महाविद्यालयं किंवा प्राध्यापकांच्या संघटना सुचवतात, आणि नेमणूक सुप्रीम कोर्ट करतं, ३ वर्षांसाठी. सुचवणारे वेगळे, नेमणारा वेगळा. आमच्याकडे सुचवणारा, अनुमोदक आणि नेमला जाणारा हे एकाच ऑफिसचे.

नावं विचाराल तर वकिलीला दहा वर्षं न झालेले दोन वकील हवेतच. कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार असतील तर उत्तम, कोणाचे कागद कशासाठी परत जातात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. आणि महिला घ्यायच्या तर किमान दोन घ्या. एकटी असली की आभारप्रदर्शन तिच्याच गळ्यात पडतं.

आता हेही सांगते, ज्येष्ठ नकोत असं मी म्हणत नाही. उलटतपासणी मला माझ्या सिनियरनीच शिकवली, कुठल्या शिबिरात नाही. आणि तासांच्या सक्तीनेही सगळं सुधारतं असं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांची अट होती, ती २०१६ मध्ये काढून टाकली. तेव्हा समिती चांगली नेमली म्हणजे काम झालं असंही समजू नका.

पण तुमच्या बारमध्ये असा ठराव येणार असेल तर हितसंबंधाची अट आणि मुदत दोन्ही ठरावातच लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. मी हे म्हटलं तेव्हा "समिती मानद आहे मॅडम, इथे कसला हितसंबंध?" असं मला ऐकवलं होतं. समिती मानद होती, पुस्तक नव्हतं.