कॉलेज अर्धवट सुटलेल्यांनी कविता करायची नाही काय?

प्रश्न: नमस्कार ताई, मी डिचोलीची, वय ४६. रोज कदंबाने पणजीला ऑफिसात जाते, बसमध्ये काय सुचलं तर तिकिटाच्या मागे लिहिते नि घरी पोचेपर्यंत अर्धी तिकिटं हरवतात. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. परवा एका कविसंमेलनात एकांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुमचं मराठीत एमए झालंय का? तेव्हापासून मन खट्टू झालंय. अमेरिकेतल्या कवयित्री मेरी ऑलिव्हरचं शिक्षणही अर्धवटच होतं असं भाची म्हणते. खरं का? मग तिला एवढे अवॉर्ड कसे मिळाले?

उत्तर: भाची बरोबर सांगते. मेरी ऑलिव्हर १९३५ची, ओहायो राज्यातली. दोन कॉलेजं केली, ओहायो स्टेट नि व्हॅसार, डिग्री एकाचीही घेतली नाही. पण सतरा वर्षांची असताना ती एडना सेंट व्हिन्सेंट मिले या गाजलेल्या कवयित्रीच्या घरी गेली, मिले तेव्हा वारलेली, तिच्या बहिणीशी हिची गट्टी जमली आणि मग ही तिथंच राहून मिलेचे कागद लावत बसली. माझ्या मते तिचं एमए ते, कुणी काही म्हणो.

त्याच घरात तिला मॉली मलोन कुक भेटली, फोटोग्राफर. पुढं दोघींनी प्रॉव्हिन्सटाउन नावाच्या समुद्राकाठच्या गावात संसार केला, चाळीसेक वर्षं. पैसा बेताचाच, मग ही किनाऱ्यावरून शिंपले आणायची, रानातून अळमी (मशरूम) आणायची. आपल्याकडे ओहोटीला तिसऱ्या काढायला जातात ना, तसंच. फिरताना एकदा ओळ सुचली नि जवळ पेन्सिल नव्हती, म्हणून नंतर तिने रानातल्या झाडांत पेन्सिली लपवून ठेवल्या! तुमच्या तिकिटांचं वाचलं नि मला पहिलं हेच आठवलं.

नोकरीबद्दल ती म्हणायची की आवडेल असं काम मी मुद्दामच धरलं नाही, मन त्यातच अडकतं, आणि नऊची नोकरी असेल तर पाचला उठून लिहिता येतं. आता हे ऐकायला छान वाटतं पण पाचला आपल्याकडे टिफिन असतो, त्यामुळे तिचं सगळंच लावून घेऊ नका.

अवॉर्डचं म्हणाल तर पहिलं पुस्तक १९६३ला, दुसरं थेट १९७२ला. ‘अमेरिकन प्रिमिटिव्ह’ला पुलित्झर मिळालं १९८४ला, तेव्हा ती ४८ची, म्हणजे तुमच्याकडे अजून दोन वर्षं आहेत (मस्करी हां). त्या वेळी ही कुठं होती, तर गावच्या कचरा डेपोवर, घराला ठोकायला जुन्या फळ्या बघत! एक मैत्रीण तिथं येऊन म्हणे, काय गो, जुनी हस्तलिखितं शोधतेस की काय? मग १९९२ला नॅशनल बुक अवॉर्ड. तरी काही समीक्षक शेवटपर्यंत, म्हणजे २०१९ला ती गेली तोवर, तिला फार सोपी म्हणत राहिले. वाचणारे वाचत होतेच. डिग्री नसलेल्या या बाईने पुढं बेनिंग्टन कॉलेजात शिकवलं सुद्धा, हे त्या संमेलनवाल्यांना सांगायला हरकत नाही.

तुम्ही एक करा. ती हाताने शिवलेली छोटी वही खिशात ठेवायची, तशी एक करा, तिकिटं पुरे झाली. फक्त बॅगेत टिफिनच्या खाली ठेवू नका, हुमण लागलं की अक्षर जातं, माझ्या दोन वह्या तशाच गेल्यात.